वेंडलची बटणं

मिनेसोटातल्या त्या गावात पाय मोडून पडलेल्या माणसालाही "कसं काय?" विचारलं, तर तो म्हणतो, "चाललंय बरं." याहून जास्त बोलायची ज्याला हौस असेल त्याने दुसऱ्या गावात जन्म घ्यावा. आर्डिस टॉर्गर्सन याच गावची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिने गावच्या पोरांची पोटं भरली. स्वतःचं दुखणं मात्र कधी कुणाच्या कानावर घातलं नाही.

नवऱ्याचंही नाही. वेंडल जन्मभर दुधाचा टँकर चालवायचा. चार वर्षांपूर्वी त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि बोटंही. पहिली हार झाली ती शर्टाच्या बटणांपुढे. आर्डिसने त्यावर युक्ती काढली. रोज सकाळी ती मागून येऊन त्याला मिठी मारायची, गालाला गाल लावायची, आणि बोलता बोलता खालपासून वरपर्यंत बटणं लावून टाकायची. आपली बायको म्हातारपणी फारच लाडात आली आहे, अशी वेंडलची समजूत. शर्ट आपणच घालतो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पण अंघोळीच्या टबात तो दोनदा घसरला आणि त्याला उचलताना आर्डिसची कंबर गेली. गावातच, चर्चच्या पलीकडे, म्हाताऱ्यांना हाताशी माणसं देऊन सांभाळणारं एक घर होतं. तिथे एक खोली रिकामी झाली. भाडं आणि देखभाल मिळून महिन्याला अठ्ठावन्नशे डॉलर. दोघांचं पेन्शन त्याच्या निम्मं. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा डॉक्टरचे पैसे देतो, अशा घराचा एक डॉलर देत नाही, हे अर्ध्या गावाला वेळ आल्यावरच कळतं. आर्डिसला आधीच माहीत होतं. म्हणून तर दोघांनी बावीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन वेगळा, सांभाळाचा विमा भरला होता. तो मिळाला तर वेंडल चालत जाण्याइतका जवळ राहणार होता. नाही तर चाळीस मैलांवरचं दुसरं ठिकाण, आणि आर्डिसला आता गाडी चालवता येत नव्हती.

विम्याची अट सरळ होती. अंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठबस, लघवीवर ताबा. या सहांपैकी दोन गोष्टी माणसाला मदतीशिवाय जमत नसतील तर पैसे. ते बघायला कंपनीची नर्स घरी येणार होती.

नर्स येणार म्हणून आर्डिसने काय करावं? पहाटे पाचला उठून वेंडलला अंघोळ घातली, दाढी केली, निळा शर्ट इस्त्री करून चढवला, लिंबाच्या वड्या भाजल्या. नर्सने विचारलं, "वेंडल, सगळं जमतं ना तुमचं तुम्हाला?"

"चाललंय बरं," वेंडल म्हणाला. "वडी घ्या."

"आणि तुम्हाला मदत करावी लागते का यांना?"

"थोडीशी," आर्डिस म्हणाली. "म्हणजे, फार नाही."

दोन आठवड्यांनी पत्र आलं: मदतीची गरज दिसत नाही, दावा नामंजूर.

शेजारची डेलोरेस पत्र वाचून उखडलीच. "अगं, ती परीक्षा घ्यायला आली होती आणि तू तिला पाहुणी समजलीस! वड्या काय, इस्त्री काय! माझ्या हॅरल्डच्या वेळी तीन दिवस दाढी केली नव्हती मी त्याची."

"माणसासमोर असं कसं बसवू गं त्याला?"

"मग ठेव झाकून. आणि जा चाळीस मैल चालत."

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण इथे मूठ उघडल्याशिवाय छदाम मिळणार नव्हता. आर्डिसने पुन्हा अर्ज केला.

या वेळी मंगळवारी दहाला नर्स आली तेव्हा वेंडल डागाळलेल्या पायजम्यात, उघड्या अंगाने टेबलापाशी बसला होता. घराला वास येत होता. नर्स म्हणाली, "वेंडल, शर्ट घालून दाखवता?"

आर्डिसने टेबलाखाली स्वतःचे हात घट्ट धरून ठेवले. तिला त्या बाईचा राग आला, कंपनीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. वेंडलने एक हात उलट्या बाहीत घातला, काढला, पुन्हा घातला. मग बटण. बोटं घसरत राहिली. तो थांबला आणि गाल किंचित पुढे करून तिची वाट बघत राहिला.

ती आली नाही.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "रागावलीस का गं माझ्यावर?"

नर्सने विचारलं, "यांना कपडे घालायला मदत लागते?"

"लागते," आर्डिस म्हणाली. "त्याला नाही जमत. अंघोळही नाही जमत. चार वर्षं झाली." जन्मात पहिल्यांदा ती परक्या माणसासमोर खरं बोलली, आणि तेही त्याच्यासमोर.

वेंडलने बटणावरचे हात खाली घेतले. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

दावा मंजूर झाला. विम्याच्या नियमाने पहिले तीन महिने पदरमोड करावी लागली, पण खोली मिळाली, चर्चच्या पलीकडेच. आर्डिस रोज चालत जाते. पहिल्या आठवड्यात तिथे देखभाल करणाऱ्या मुलीने तिला दारातच गाठलं.

"आजी, एक विचारू? हे शर्टाला हातच लावत नाहीत. निदान प्रयत्न तरी करा म्हटलं, तर म्हणाले, मला नाही जमत, माझ्या बायकोने सांगितलंय."