साहेब नसलेली शेड

पुण्याहून निघालो तेव्हा मला काही शिकायचं नव्हतं. उलट एका माणसाला खोटं पाडायचं होतं. आमच्या ऑफिसातला सुनील सारखा सांगायचा, "कुंडलजवळ माझ्या मावशीची बेदाण्याची शेड आहे. तिथे साहेब नाही, मुकादम नाही. बायका बसून ठरवतात." जन्मभर साहेबांखाली वाकलेला आणि अलीकडे चार जणांचा साहेब झालेला मी, मला हे पटणं शक्यच नव्हतं. बारभाईची खेती, काय लागेल हाती! म्हटलं, जाऊन बघूनच येऊ.

खंबाटकीचा घाट मागे पडला, साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले. पेढ्यांची पुडी शेजारच्या सीटवर ठेवण्याचा शहाणपणा मला नडला. सुट्टीवर आलेला एक धिप्पाड जवान तिच्यावर बसला. "माफ करा काका," तो ओशाळून म्हणाला, "फौजी वजन हाय." मग ते चपटे पेढे आम्ही दोघांनी कराडपर्यंत संपवले.

कुंडलच्या पुढे रस्त्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. शेड म्हणजे वर पत्रा, बाजू मोकळ्या आणि आत रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक जाळ्यांचे थर. त्या थरांवर द्राक्षं पसरलेली. सुनीलची मावशी, म्हणजे सगळ्यांची आक्का, ठेंगणी, कपाळाला आठ्या घालून हसणारी. मी नमस्कार केला तर म्हणाली, "पाहुणं, हात धुवा आन् लागा कामाला. हितं निस्तं बघायला कोन बसत न्हाई."

लागलो. घड जाळीवर पसरताना पाठीचा काटा ढिला झाला.

जेवायला भाकरी, अख्खा मसूर आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). खर्ड्याने डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा बायका मनमुराद हसल्या. शेडचा मूळ मालक कुठे, मी विचारलं. तो विट्याकडचा, भावाच्या गलाईच्या दुकानात (सोनं गाळून शुद्ध करण्याचा धंदा) दूर दक्षिणेत गेला. शेड बंद पडणार होती, ती याच बायकांनी भाड्याने घेतली.

"आणि ठरवतं कोण?"

"ज्यानं त्या दिवशी काम केलं, त्यो," आक्का म्हणाली. "नव्यानं आधी बोलायचं, मी शेवटी. मी आधी बोलले तर बाकीच्या निस्त्या माना हलवत्यात. आन् एकदा ठरलं की ठरलं. मागनं कुनी ‘मी म्हनलंच हुतं’ असं म्हनली, तर समद्यांचा च्या (चहा) तिनं करायचा. भांडी बी तिनंच घासायची."

मला हे पोरखेळासारखं वाटलं. "आणि घाई असली तर? पाऊसच आला तर?" मी अगदी मुद्द्याचं विचारल्यासारखं विचारलं.

माझी जीभ काळी असावी. दुपार कलताना पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. द्राक्षं बायकांनी वर्गणी काढून घेतलेली. सगळ्यांचा हंगाम त्या जाळ्यांवर अर्धवट वाळत होता. भिजला तर गेला. आक्काने ताट वाजवलं, सगळ्या गोळा झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पाहुणं, तुमी नवं. बोला."

मी म्हणालो, "चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडा."

शालन नावाची एक उंच, सडसडीत बाई लगेच म्हणाली, "आवं आक्का, ह्यो पाऊस येत न्हाई. आलाच तर पश्चिमेनं येईल, तेवढीच बाजू झाका. सगळं झाकलं तर वारं कोंडतंय, माल घामतोय, लाल पडतोय."

हात वर झाले. एकाच हाताने पारडं झुकलं, आणि तो हात माझा होता. ठरलं, सगळं झाकायचं. आणि शिडीवर सगळ्यांत आधी कोण चढलं? शालन! तिने वर दोऱ्या बांधल्या, मी खालून ओढल्या. हे सगळं माझ्या ऑफिसातली एक बैठक सुरू व्हायच्या आत झालं.

पाऊस आला तो अंगणात सडा शिंपावा इतकाच. पण आभाळ गुरगुरत राहिलं, म्हणून ताडपत्र्या तशाच राहिल्या. मी आक्काच्या घरी, पलटणीत असलेल्या तिच्या मुलाच्या कॉटवर झोपलो.

सकाळी ताडपत्र्या वर केल्या. खालच्या थरांतला माल तांबूस पडला होता. "माझं चुकलं," मी कसाबसा म्हणालो.

"तुमच्या एकट्याचं कसं?" आक्का म्हणाली. "हात आमचं बी वर हुतं की."

शालनने मूठभर मणी उचलले, उजेडात धरले. "मी..." तिने तोंड उघडलं. सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. ती थांबली, मग हसली. "मी च्या ठेवते."

"अगं, तू कुठं काय म्हनलीस?" आक्का म्हणाली.

"मनात आलं, त्येचा दंड," म्हणून ती चुलीकडे गेली. आम्ही लाल माल वेगळा काढायला बसलो.

तो चहा मला जन्मभर पुरेल. इतक्या वर्षांच्या नोकरीत काही बिनसलं की आधी पकडायला एखादी मान शोधली जायची, मग उपाय. इथे एका परक्या माणसाला त्यांनी आपल्या हंगामावर मत देऊ दिलं, त्याची चूक आपल्यात वाटून घेतली आणि वर चहा पाजला. निघताना मी आभार मानले. आक्का म्हणाली, "पुढच्या साली या. तवा तुमी नवं नसनार, उशिरा बोलायचं."

काही आठवड्यांनी सुनीलने मावशीकडून एक पिशवी आणली. तांबूस बेदाणा, गोड. मी ती बैठकीच्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी बैठकीत हवा तंग होती. हल्ली मी नव्या माणसाला आधी बोलायला लावतो. नव्या मुलीने सुचवलेलं, मला न पटलेलं काम बहुमताने केलं होतं आणि ते साफ फसलं होतं. ती मान खाली घालून बसली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी..." मी सुरुवात केली. सुनीलने मान वर केली.

"मी चहा टाकतो," म्हणालो. शिपाई गडबडून उठला, त्याला बसवलं. पिशवी त्या मुलीपुढे सरकवली आणि आत गेलो.

नंतर कपही मीच विसळले.