होविताचं शून्य

विद्यापीठातून नवीन पोरं आली की वेधशाळेवाले त्यांना आधी चोंटापांब्याच्या वाडीवर पाठवतात, होविता ग्वामानच्या चुलीपाशी. ती त्यांना उकडलेले बटाटे खायला घालते, दार बंद करते आणि विचारते, "काय ऐकू येतंय?" एखादं हुशार पोर म्हणतं, "काहीच नाही." मग होविता माझ्याकडे बघते. मी कशाला हसतोय ते त्या पोरांना कळत नाही. कळणार कसं? त्या गुरुवारी ती पोरं ओढ्याच्या काठावर उभी नव्हती, मी उभा होतो.

मी आनिबाल. दुधाची गाडी चालवतो. माझ्या मोठ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी होवितानंच हातावर घेतलं, तेव्हापासून ती पोरीची धर्ममाता आणि माझी कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. बहीण एखादवेळी गप्प बसते, कोमाद्रे कधीच नाही. तीन इयत्ता शिकलेली बाई, सहा गाई, कांद्याचं एक वावर, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला वेधशाळेचा रेडिओ.

बारा वर्षांपूर्वी याना उर्कु, आमचा ज्वालामुखी, धुमसायला लागला तेव्हा वेधशाळेनं डोंगराभोवतीच्या अकरा वाड्यांना असे रेडिओ दिले. आम्ही झालो राखणदार. रोज सकाळी सातला एकेकानं डोंगराची खबर द्यायची. पहिल्या महिन्यात नुसता गोंधळ! एकाच आवाजाला एक म्हणे मोठा, दुसरा म्हणे किरकोळ, तिसरा म्हणे जगबुडी. तेव्हाचे साहेब म्हातारे, डोकं धरून बसले. होविता म्हणाली, "साहेब, मोठा-छोटा जाऊ द्या. काच वाजली का, दार हललं का, का जमिनीनं पायाला ढकललं, एवढंच विचारा. काचा-दारं सगळ्यांच्या घरात सारखीच आहेत." साहेबांनी टोपी काढली आणि वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून आमची बोली ठरली.

तिचे नियमही ठरले. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. एकदा खुद्द पाद्रीबाबांनी मध्येच सणाची घोषणा केली, तर हिनं त्यांना सुनावलं, "बाबा, देवसुद्धा रांगेत थांबतो, तुम्ही पण थांबा." आणि पाळी संपताना पुढच्याला विचारायचं, "घरी सगळं ठीक?" मगच बटण सोडायचं. नवा माणूस आला की महिनाभर फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. मीही ऐकलं. काच आणि दार यातला फरक कानाला कळायला मला पाच आठवडे लागले, आणि कोमाद्रेनं तेवढेच टोमणे मारले.

मग म्हातारे साहेब निवृत्त झाले आणि इंजिनियर नोर्मा एगास आली. पोरगी हुशार, प्रामाणिक, पण राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकायची सवय. तिला आमची काच-दारं म्हणजे गावगप्पा वाटायच्या. तिनं एक छापील कागद काढला. पाच चौकोन. दिसणं, राख, आवाज, पाणी, वारा. प्रत्येकात शून्य ते पाच आकडा. "फक्त आकडा सांगायचा. घरची विचारपूस रेडिओवर नको." आमचे बाकीचे राखणदार रुसून बसले. बेलिसारियोतात्या, आमच्यातला सगळ्यात म्हातारा राखणदार, तर म्हणाला, मी माझा डोंगर आकड्यात विकणार नाही.

होविता रुसली नाही. तिनं कागद प्लास्टिकमध्ये घालून चुलीवर टांगला आणि पंधरा दिवसांत पाठ केला. मी चिडलो. "तू पण फितूर झालीस?" ती म्हणाली, "अरे येड्या, त्यांच्याशी बोलायचं तर त्यांचं बोलणं शिकायला नको? तिलाही आपलं कधीतरी शिकावं लागेल. कुणीतरी आधी सुरुवात करायची." एवढं बोलून ती गाय पिळायला गेली. असा विश्वास त्या बाईला कुठून येतो, मला आजवर समजलं नाही.

पण झालं उलटंच. होविताच्या दारावरून वाहणाऱ्या ओढ्याच्या वर, उगमापाशी हादरे मोजणारं नवं यंत्र बसवलं आणि नोर्माबाईंनी कळवलं, चोंटापांब्याची आता गरज नाही, गुरुवारी येऊन रेडिओ घेऊन जाईन. त्या संध्याकाळी कोमाद्रेचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. "रेडिओ नेला तर नेऊ दे, आनिबाल. पण ओढ्याकडे कान कोण देणार?" मी दुधाचे कॅन उचलून निघालो.

गुरुवार उजाडला. दोन दिवस डोंगरावर धो धो पाऊस, खाली दाट धुकं. चोंटापांब्याचा रस्ता त्याच रुमियाकु ओढ्याच्या पात्रातून जातो. पूल नाही, फरशी आहे, आणि अलीकडे फाटक. फाटकाचा सेगुंदो वेधशाळेचा हुकूम आला तरच फाटक उघडतो, सख्खी आई आडवी आली तरी ऐकत नाही. बाजाराचा दिवस. पुढे बस, तीस-पस्तीस माणसं, टपावर कोंबड्या आणि गिनीपिगांच्या टोपल्या. बसच्या मागे मी. माझ्या मागे वेधशाळेची जीप, आणि जीपमध्ये स्वतः नोर्माबाई, कोमाद्रेचा रेडिओ उतरवायला निघालेल्या. धुक्यामुळे सेगुंदोनं सगळ्यांना अडवून हुकूम मागितला होता. त्याच्या खोपटातला रेडिओ मोठ्यानं चालू होता. त्यात इंजिनांची धडधड, ओढ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सात वाजले. पाळ्या सुरू झाल्या. तिसरी पाळी होविताची.

"चोंटापांबा. दिसणं शून्य. राख शून्य. आवाज शून्य. पाणी शून्य. वारा एक."

जीपमधून बाईंचा आवाज रेडिओवर आला, "उत्तम. सगळं शांत आहे. सेगुंदो, बस सोडा." सेगुंदोनं दोरीला हात घातला. बसवाल्यानं गिअर टाकला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो एकदाचे, दूध नासायच्या आत पोचतो. तिकडे बेलिसारियोतात्याची पाळी सुरू झाली होती, "पातेवाडी. दिसणं..."

"थांबा!"

होविता. दुसऱ्याच्या पाळीत! सेगुंदोचा हात दोरीवरच थिजला. त्या बाईनं पाळी तोडली म्हणजे काय ते त्याला कळलं, मला कळलं, अकरा वाड्यांना कळलं. एकट्या नोर्माबाईंना कळलं नाही.

"दोन्या होविता, तुमचा अहवाल झालाय. मध्ये बोलू नका." दोन्या म्हणजे बाईसाहेब, पण सूर दटावणीचा.

"झालाय, पण तो अपुरा आहे, इंजिनियरबाई. चूक माझीच. तुमच्या कागदात बसेल तेवढंच बोलले आणि गप्प राहिले. शून्य म्हणजे शांत नव्हे. दोन दिवस पाऊस पडतोय. पहाटे ओढा असा गरजत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आता माझ्या दारात ऐकू येत नाही. पाणी गेलं कुठं? वर दरड कोसळून अडलंय. फाटक उघडू नका."

"यंत्रावर काही हालचाल नाही."

"यंत्र हलणं मोजतं ना? अडलेलं पाणी हलत नाही."

बसचं इंजिन धडधडत होतं. मी खिडकीतून मागे वळून बघितलं. काचेआड बाई समोर बघत होती, तोंडाशी माइक, तोंड बंद. बोल गं बाई, मी ओरडलोच, पण तिला ऐकू जाणार थोडंच!

मग तिनं विचारलं, आणि आवाज बदललेला होता, "ओढा गप्प होऊन किती वेळ झाला?"

"चूल पेटवली तेव्हा होता. बटाटे शिजले तेव्हा नव्हता."

"तुमची चूल, दोन्या. मिनिटं किती धरू?"

"वीस धरा. आणि आता बोलण्यात गेली दोन."

"सेगुंदो, फाटक बंद. बस मागे घ्या. सगळे मागे, वळणाच्या वर. आधी मी निघते."

तिची जीप मागे, मग माझी गाडी, मग बस. बसवाल्यानं वेधशाळेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, बायका कोंबड्यांसकट आरडाओरडा करत होत्या. वळणावर पोचून आम्ही थांबलो. अकरा मिनिटं काही घडलं नाही. बसवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एका म्हातारीच्या बटाट्यांपायी बाजार बुडाला." मी त्याला सणसणीत उत्तर देणार तेवढ्यात जमिनीनं पायाला ढकललं.

लोंढा आला. काळा, दाट, घराएवढे धोंडे एकमेकांवर आपटत. फरशी, फाटक, सेगुंदोचं खोपटं, सगळं त्यात गेलं. सेगुंदो आमच्यात उभा होता. बसवाला छातीवर क्रूसाची खूण करायला लागला. मी रडत होतो. लपवत नाही, भोकाड पसरून रडत होतो.

नोर्माबाई जीपच्या दाराला धरून उभी होती. तिनं माइक ओढून घेतला आणि बटण दाबलं. यंत्राचं बोलेल, आकडे विचारेल असं मला वाटलं.

"दोन्या होविता," ती म्हणाली, "घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे, पोरी. तू ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहेस?"

"फाटकाच्या अलीकडे. आम्ही सगळे अलीकडे आहोत."

मग कोमाद्रेनं नाक ओढल्याचं अकरा वाड्यांनी ऐकलं.

"बरं झालं. आता बटण सोड. बेलिसारियोतात्याची पाळी मी मघाशी तोडली, त्याला बोलू दे."