उंबऱ्यापलीकडचं पाऊल

एरंडोलला आमच्या घरात पुढे माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि मागे आम्ही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसरायचा आजार जडला आणि त्यांचा पाय घरात ठरेना. मागच्या अंगणात विहीर, तिचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. आईचे गुडघे गेलेले, ती किती धावणार?

धुळ्याचा मोठा भाऊ म्हणाला, "रविवारी येऊन त्यांना घेऊन जातो. एक खोली देऊ, बाहेरून कडी लावू."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर आपल्या रानात मोकळा फिरलेला माणूस, त्याला कडी?

दुकानात भंगार होतंच. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून दोन-दोन पट्ट्या एकीवर एक ठेवल्या, मध्ये दोन्ही टोकांना थोडा स्पंज. पट्टी दाबली की पत्र्याला पत्रा टेकणार आणि तारेने जोडलेला दुकानातला बॅटरीचा बल्ब लागणार. मागच्या दाराचा लाल, न्हाणीचा पिवळा, ओसरीचा हिरवा. पट्ट्या उंबऱ्यांवर ठोकल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या, दिवे झकास लागत होते. मी स्वतःवर भलताच खूश.

दुसऱ्या दिवशी लाल दिवा लागलाच नाही आणि आबा विहिरीच्या कठड्यावर बसलेले सापडले. त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पट्ट्या उपटून फेकायला निघालो. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "तुना बाप कधी उंबरावर पाय ठेवस का?"

अरे देवा! उंबऱ्यावर आमच्या घरात कोणीच पाय देत नाही. मी तरी कुठे दिला होता? म्हणून तर अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. रेडिओ दुरुस्त करणारा शहाणा, आणि घरची रीत विसरला.

मग आबांच्या मागे मागे फिरलो. उंबरा आला की थांबायचे, उजवा पाय उचलायचे आणि पलीकडे बरोबर वीतभर अंतरावर टेकवायचे. दर वेळी तिथेच. त्या जागी, उंबऱ्याच्या आत-बाहेर दोन्हीकडे पट्ट्या टाकल्या, वर गोणपाट. आई जायची तेव्हाही दिवा लागायचा, म्हणून ती आधी ओरडायची, "मी जास रे!"

रविवारी भाऊ आला. आबांची धोतरं पिशवीत भरून दुकानात येऊन बसला. मी त्याला दिवे दाखवले, तो नुसता हसला. तेवढ्यात पिवळा लागला.

"आबा न्हाणीत गेले," मी खुर्चीतून न उठता म्हणालो.

तो पाहून आला आणि दिव्यांकडे बघत बसला. मग लाल लागला, आणि माझ्याआधी तोच धावला. आबा विहिरीपाशी पोहोचायच्या आत त्याने त्यांचा हात धरला. आबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "तू कोन शे रे?"

भावाचे डोळे भरून आले. दोघं परत दारापाशी आले. आबा थांबले, उजवा पाय उचलला, उंबरा ओलांडला. पोराला विसरलेला माणूस उंबऱ्याला विसरला नव्हता.

भावाने पिशवीतली धोतरं काढून पुन्हा खुंटीला टांगली.