व्याह्यांचा डावा हात

उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या व्याह्यांपुढे बिनधास्त वाजेल असं यंत्र अजून विकायला आलेलं नाही. माणूस कुणाच्या घरी गेला की आधी पाणी पितो, वाटेतल्या उकाड्याबद्दल बोलतो. आमचे व्याही आधी फ्रिजला हात लावतात. सबंध पंजा त्याच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि वैद्याने नाडी सोडावी तसा सावकाश काढून घ्यायचा. माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी तशीच ठेवून ते मागच्या पडवीत पाण्याचा पंप ऐकत उभे होते. परत आले नि म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पंपाचं बेअरिंग तेवढं बदला." मी चौथीपर्यंत शिकलेला गवंडी, पण मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पंप मी बदलला नाही. तो पंधरा दिवसांनी बंद पडला, ही गोष्ट त्यांना आजवर कळलेली नाही, आणि कळायची गरजही नाही.

त्यांचं गाव देवरुखाच्या आतल्या अंगाला. तिथे ते मला इवाय म्हणतात, म्हणजे व्याहीच. तरणेपणापासून गावच्या भजनात पखवाज त्यांचा. त्यांच्या डाव्या हाताची कीर्ती अशी सांगतात की थाप पडली की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पोटात कळायचं. सांगतात म्हणायचं, कारण मी ती ऐकली नव्हती. सोयरीक जुळायच्या आधी दोन वर्षं त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बाकी सगळं सुधारलं, डावा हात मात्र कोपरापासून खाली लाकडासारखा राहिला. कुणीतरी कधी काळी भजनाची कॅसेट भरली होती, ती पुतण्याने मोबाईलमध्ये घालून दिली. आता मोबाईलचा स्पीकर केवढा? बटणाएवढा. त्यातून टाळ ऐकू येतात, बुवा ऐकू येतो, उजव्या हाताची टकटक येते. डावा हात नाही म्हणजे नाही.

माझी लेक त्यांची सून. ती बोलायला कधी कुणाच्या बापाला भ्यायली नाही. ती एकदा ऐकून म्हणाली, "मामंजी, पखवाज म्हणतात तो हाच? मला वाटलं कुणी दार ठोकतंय."

घरात सगळे हसले, तेही हसले. पण तेव्हापासून त्यांना सबवूफरचा, म्हणजे खर्ज घुमवणाऱ्या डब्याचा, ध्यास लागला. लग्नाच्या मांडवात नवरानवरी सोडून मोठ्या डब्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे. देवरुखच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानासमोर तासन्‌तास बसून बघायचे. सुनेला एकदा, फक्त एकदा, आपला डावा हात ऐकवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि तो सबवूफर होता माझ्याकडे. मुलाने मुंबईहून पाठवलेला, दोन लहान स्पीकर आणि एक लाकडी पेटी, गुडघ्याएवढी. टीव्हीला जोडल्यापासून ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणायची. मुलाने फोनवर विचारलं की मी सांगायचो, "झकास." बिघडलीय असं सांगणं म्हणजे मला लावता आली नाही असं सांगणं. तेव्हा ती पेटी मी आठ महिने तशीच ठेवून वर फुलदाणी मांडली होती.

मे महिन्यात लेक माहेरपणाला आली, तिला पोचवायला व्याही आले. तीन दिवस राहून एसटीने परत जायचे होते. पायरी चढतानाच त्यांनी गुणगुण ऐकली. चपला काढल्या नाहीत, सरळ आत आले. मग एकामागून एक वायरी उपटत सुटले. टीव्हीची काढली, गुणगुण चालू. पंख्याचा बोर्ड बंद केला, चालू. शेवटी टीव्हीच्या डब्यात येणारी केबलवाल्याची काळी वायर ओढली आणि घर असं गप्प झालं की मला स्वतःचं घड्याळ ऐकू आलं.

"बाहेरची वीज ह्या वायरीतून पेटीत येतेय, इवाय," ते म्हणाले.

"मी ते सांगणारच होतो," मी म्हटलं.

मग मोबाईल जोडला, आणि पेटीतून घरघर सुरू झाली. व्याह्यांनी पेटीवर पंजा ठेवला, भिंतीवर ठेवला, आणि चाळीस वर्षं चिरे रचलेल्या माणसाच्या तोंडावर म्हणाले, "पेटी बरी हाय. घर वाजतंय वो तुमचं!"

"माझं घर?" मी उभाच राहिलो. "ह्या घराचा चिरा न् चिरा मी लावलाय! पावसाळे गेले, वादळं गेली, भेग दाखवा एक!"

"भेग नाय म्हटलं. वाजतंय म्हटलं."

लेक मध्ये पडली म्हणून बरं. मांडणीवरच्या पितळी डब्याचं झाकण थरथरत होतं. तिने त्याखाली कागदाची घडी सारली. मी मात्र जेवणात त्यांच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घरघर नव्हती, पण डावा हातही नव्हता. घुमारा यायचा तिथे नुसता उसासा यायचा. व्याह्यांनी थोडा विचार केला आणि सुनेकडे मागितली कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणकेचा गोळा थापतात तेव्हा तो घुमतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा यांनी जाळी काढली आणि सबवूफरच्या तोंडावर भाकरीएवढी कणीक मायेने थापली. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. पेटी एकदा फुस्स म्हणाली आणि गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मुंग्यांनी पेटीत संसार थाटलेला.

"चामडं नाय हे," कोरड्या फडक्याने पुसता पुसता ते कबूल झाले. "पुठ्ठा हाय."

पुसताना पेटीच्या मागे एक बारीकशी कळ सापडली. ती उलटी केली तसा आवाज जरा भरला. पण व्याह्यांचं समाधान नाही. म्हणाले, पेटीची जागा चुकलीय. त्यांनी पेटी सरकवत माजघराच्या उंबऱ्याशी, माझी लेक निवडण-टिपण करत बसते तिथे नेली. वाजवली, आणि स्वतः एक हात छातीशी धरून रांगायला लागले. "ती बसते तिथे पेटी ठेवायची, आणि जिथे मला घुमारा गावेल तिथे मागाहून पेटी न्यायची. चला इवाय, तुम्ही त्या भिंतीने." मी पासष्टीचा माणूस, पण मागे राहिलो असं कुणी म्हणू नये म्हणून मीही रांगलो. शेजारीण ताक मागायला आली ती दारातच थबकली.

"काय हरवलं काय?"

"आवाज," व्याही जमिनीशी कान लावून म्हणाले. ती ताक न घेताच गेली.

आणि घुमारा सापडला. नेमका पुढच्या कोपऱ्यात, माझ्या आरामखुर्चीखाली.

ती खुर्ची घर बांधल्या दिवसापासून तिथे आहे. तिथून फाटक दिसतं, रस्ता दिसतो, कोण कुणाकडे गेलं ते दिसतं. मुलाने हलवू पाहिली, त्याच्या बायकोने पाहिली, हलली नाही. मी म्हटलं, "जमायचं नाही."

व्याही भांडतील असं वाटलं होतं. ते भांडले नाहीत. वायरी गुंडाळल्या, मोबाईल खिशात घातला, पिशवी भरायला घेतली. दुपारची एसटी होती. म्हणाले, "ऱ्हाऊ दे इवाय. उजवा हात तरी हाय."

मी पेज अर्ध्यावर ठेवली. हात धुतले आणि लेकीला म्हटलं, "ह्या कोपऱ्यात किती केर साठलाय! झाडत का नाही कुणी?" आणि खुर्ची मीच उचलून खिडकीशी नेली. केर तसा काही नव्हता. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. त्यांनी पेटी कोपऱ्यात सारली.

आधी टाळ आले, बुवा आला. मग डावा हात आला. काय सांगू! माझ्याच घराच्या फरशीतून तो माझ्या तळपायांत चढला. लेक उंबऱ्यावर फणस सोलत होती, ती चिकाच्या हातांनीच उठून उभी राहिली.

"मामंजी, हा कोण?"

"मीच की गो."

बोलायला न भिणारी माझी लेक पेटीशी जाऊन खाली बसली. व्याह्यांनी उजव्या हाताने आपला डावा उचलला आणि पेटीवर ठेवला. पेटी थरथरत होती, तिच्यासोबत ती बोटं हलत होती, तालात, एकही मात्रा न चुकता. एसटी चुकली. उद्या आहेच, म्हणून कुणी घाई केली नाही.

आता खुर्ची खिडकीशीच असते. मुलाने विचारलं तर सांगितलं, इथे उजेड बरा येतो. तिथून नारळाच्या बुंध्याशिवाय काही दिसत नाही. भजन ते माझ्याही मोबाईलमध्ये घालून गेलेत. दुपारी जेवल्यावर मी लावतो. डब्याखालची कागदाची घडी मीच काढून टाकली, कारण डावा हात आला की ते झाकण आधी ओळखतं. चार-आठ दिवसांनी देवरुखाहून फोन येतो. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही, पहिलाच प्रश्न असतो, "काय इवाय, घर वाजतंय काय?"

"वाजतंय," मी म्हणतो.