तुटक रेघ

रेघाताईला कामाच्या ठिकाणी सगळेच जरा टरकून असत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शेजारच्याच्या पडद्यावरची रेघ किंचित जरी भरकटली तरी ती पाठीमागून येऊन विचारायची, "हात हलला की डोळा लागला?" तोंडाची फटकळ, पण काम असं चोख की नाव ठेवायला जागा नाही. उमेदीची सगळी वर्षं तिने जमिनींचे नकाशे काढण्यात घालवली होती. ते काम संगणकाने गिळलं, तेव्हा हिला या मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर नोकरी मिळाली, तीही पुन्हा रेघाच मारायची. फरक एवढाच, की आता जमिनींच्या हद्दींऐवजी मेंदूतल्या गाठींच्या हद्दी आखायच्या.

काम ऐकायला सोपं वाटतं. डोक्याचा एमआरआय म्हणजे पावाचे काढावेत तसे मेंदूचे काप, एकाखाली एक. प्रत्येक कापावर गाठ कुठून कुठवर आहे ते पाहायचं आणि तिच्याभोवती रेघ मारायची. गाठ लाल, तिच्या कडेची सूज पिवळी. डॉक्टर ते तपासून खाली सही करत. मग अशी हजारो चित्रं यंत्राला दाखवायची. यंत्र आधी आपला आपण अंदाज बांधायचं, मग माणसाची रेघ पाहायचं, कुठे आणि किती चुकलो ते मोजायचं आणि स्वतःला जरासं सुधारायचं. पुन्हा अंदाज, पुन्हा सुधारणा. याला डीप लर्निंग म्हणतात, असं यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअरने समजावलं तेव्हा ताई म्हणाली, "म्हणजे घोकंपट्टी." तो हसून म्हणाला, "घोकंपट्टीच, ताई. पण न पाहिलेल्या पेपरातही पास व्हावं लागतं." हे उत्तर तिला आवडलं होतं.

एका गोष्टीवरून मात्र तिने पहिल्याच महिन्यात भांडण उकरून काढलं. नकाशात जी हद्द पक्की ठाऊक नाही ती तुटक रेघेने दाखवतात. पाहणाऱ्याला कळतं की इथे खात्री नाही, जागेवर जाऊन बघा. इथल्या पडद्यावर तुटक रेघ नव्हतीच! गाठ म्हणा नाहीतर सूज म्हणा, मधलं काही नाही. नियम होता, शंका आली की आत घ्या, म्हणजे लाल करा. गाठ नजरेतून निसटण्यापेक्षा थोडी सूज लाल झालेली परवडली, असं त्यामागचं म्हणणं. म्हणणं काही चुकीचं नव्हतं. ताईने चार दिवस तणतण केली, मग मान डोलावली आणि शंका आली की लाल करू लागली. यंत्र तिच्या हाताखाली तयार झालं, तिच्यासारखंच ठाम.

आता तिच्या धाकट्या भावाविषयी. त्याला गल्लीत, दुकानात, नातेवाइकांत सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, झोप लागली की बंद. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर तो उभा असायचा आणि खिळा घ्यायला आलेल्या माणसाला हातोडी विकून, वर त्याच्या सासऱ्याची तब्येत विचारून पाठवायचा. बहीणभाऊ एकत्र राहत. लग्न दोघांनीही केलं नाही. त्याला बोलू देणारी कोणी मिळाली नाही आणि तिचं टोकणं सोसणारा कोणी भेटला नाही, असं तोच सांगायचा.

एके दुपारी एका गिऱ्हाइकाला बिजागरी दाखवताना रेडिओ अडखळला. "हे घ्या, दाराचं... दाराचं ते..." बिजागरी हातात होती, पण शब्द तोंडात येईना. तो हसला, पुन्हा प्रयत्न केला, आणि मग डोळे फिरवून काउंटरमागे कोसळला. अंगाला झटके येत होते. दुकानमालकाने ताईला फोन केला तेव्हा तिच्या पडद्यावर दुसऱ्या कुणाची तरी गाठ होती.

भावाला याच रुग्णालयात आणलं, आणि दोन दिवसांनी ती रेघा तपासून सही करणाऱ्या सर्जनबाईंच्या खोलीत बसली होती. आजवर या खोलीत ती कामापुरती यायची, आज रुग्णाची बहीण म्हणून आली होती, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. डाव्या बाजूला गाठ, लाल. भोवती पिवळं. आणि लाल भागातून मागच्या बाजूला एक बारीक शेपूट निघालेलं, तेही लाल, थेट बोलण्याच्या जागेपर्यंत गेलेलं.

ताई खुर्चीतून पुढे वाकली. ते वळण तिच्या ओळखीचं होतं.

"हे शेपूट माझं आहे," ती म्हणाली.

"यंत्राने काढलंय ते."

"यंत्राला कोणी शिकवलं? असं धूसर काही दिसलं की मी लाल करायचे, बाई. नियमच होता तसा. हे मला सुजेसारखं वाटतंय. सूजच असणार."

सर्जनबाई कमी बोलायच्या आणि हळू बोलायच्या. "त्या रेघांखाली माझ्या सह्या आहेत. तेव्हा एकट्या तुमच्यावर घेऊ नका. आणि ही गाठ असूही शकते. मला चित्र पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही."

"मग कापणार कशाच्या भरवशावर?"

"यंत्राच्या रेघेवर मी कापत नाही. कुठे नीट पाहायचं ते ती मला सांगते, आणि ते काम ती फार चांगलं करते. तिथे पोचल्यावर पुढे जायचं की नाही, ते तुमचा भाऊ सांगेल. तो जागा असेल."

मग त्यांनी समजावलं. झोपेचं औषध देऊन कवटी उघडायची आणि नंतर त्याला जागं करायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. वाचा तपासणारी थेरपिस्ट त्याला चित्रं दाखवणार, तो नावं सांगणार, आणि बाई एकेका जागेला बारीक विजेचा स्पर्श करणार. स्पर्श असताना शब्द अडला, तर ती जागा बोलण्याची. तिला हात लावायचा नाही. "जितकं जास्त काढू तितकी जास्त वर्षं मिळतील," बाई म्हणाल्या. "पण शेपटाच्या मागे लागून पुढे गेले, तर वाचा जाऊ शकते."

घरी रेडिओने हे ऐकलं आणि त्याला चेव आला. "आयुष्यभर लोक मला गप्प बसवायला टपलेले. आता डोकं उघडून म्हणणार, बोला हो बोला!" ताई फिस्कारली, पण तो लगेच गंभीर झाला. तो गंभीर झाला की घर परकं वाटायचं.

"ताई, मला मुका करून वाचवू नका. बाईंना सांगून ठेव."

"काहीतरी बरळू नकोस. जीव आहे तर सगळं आहे."

"तुझं असेल. माझं तेवढ्यावर भागत नाही."

ती भांडी आवरायला निघून गेली. तिला भाऊ हवा होता, बोलका असो की मुका. खरं सांगायचं तर मुका झाला तरी चालेल, पण डोळ्यांसमोर राहू दे, असंच तिला वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. म्हणून ती एकाच आशेला चिकटून बसली: ते शेपूट म्हणजे सूज आहे, आपल्याच जुन्या सवयीची चूक आहे. मग ते राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी थेरपिस्टने ताईसमोरच चित्रांची उजळणी घेतली. ज्यांची नावं रेडिओने झटकन सांगितली तेवढीच चित्रं ठेवली. ताईला तिने शेजारच्या काचेच्या खोलीत बसवलं आणि समोर माइक ठेवला. "अर्धवट गुंगीत माणसाच्या तोंडी घरचे शब्द येतात. आम्हाला ते चुकीचे वाटतात. म्हणून घरचं कोणीतरी लागतं."

काचेतून बाईंची पाठ, चित्रांचा पडदा आणि हिरव्या चादरी एवढंच दिसत होतं. भाऊ म्हणावा असं काहीच दिसत नव्हतं. आवाज मात्र स्पीकरमधून स्पष्ट आला, जरा जड, पण त्याचाच.

"किल्ली. बादली. घड्याळ. हा पंखा, आणि फार महागडा दिसतोय."

आत कोणीतरी हसलं. ताईच्या जिवात जीव आला. काम पुढे सरकत होतं. शिडी, चमचा, कुलूप. कुलपाच्या कंपन्यांविषयी तो बोलायला लागला तेव्हा थेरपिस्टने त्याला आवरलं. मोठी गाठ निघाली होती. सर्जनबाईंचा आवाज आला, "आता मागची कड." म्हणजे शेपूट. बाईंनी तिथे विजेचा स्पर्श केला.

"हे काय आहे?" थेरपिस्टने विचारलं. पडद्यावर कात्रीचं चित्र होतं.

"ताई," रेडिओ म्हणाला.

आत सगळे थांबले. "शब्द चुकला," थेरपिस्ट म्हणाली. मग सर्जनबाईंनी मान न वळवता विचारलं, "बाहेर कोण बसलंय? हा घरचा शब्द आहे का?"

घरचाच होता. तिची जीभ कात्रीसारखी चालते म्हणून घरातल्या कात्रीला तो वर्षानुवर्षं ताई म्हणत आला होता. "ताई दे गं, दोरा कापायचाय," असं म्हणून दर वेळी स्वतःच खिदळायचा. ऑपरेशनच्या टेबलावरही असला पाचकळपणा करेल तर तोच करेल. ताईने नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता, शब्द अडला नाही असं धरून बाई पुढे गेल्या असत्या. ते लाल शेपूट मुळासकट निघालं असतं आणि भाऊ कितीतरी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर राहिला असता. तिने माइकचं बटण दाबलं.

"घरचाच शब्द आहे," ती म्हणाली. तोंड बंद केलं. पुन्हा उघडलं. "पण सकाळी तो कात्री म्हणाला होता. थट्टा करतोय की शब्द अडलाय... मला नाही सांगता येत. नाही कळत मला, बाई."

तळमजल्यावरच्या कुणाला हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. रेघाताईला कळत नाही!

"बरं," सर्जनबाई म्हणाल्या. "पुन्हा बघू."

विजेचा स्पर्श काढला. "हे काय आहे?" "कात्री," रेडिओ लगेच म्हणाला. त्याला काही न सांगता पुन्हा त्याच जागी स्पर्श केला. "आणि हे?"

उत्तर नाही. स्पीकरमधून फक्त श्वास ऐकू येत होता. "ते... अगं ते... कापायचं..." आवाजातली सगळी मस्ती उतरली होती. बिजागरी हातात घेऊन उभा होता तेव्हाही त्याचा आवाज असाच झाला असेल, ताईच्या मनात आलं, आणि तिला ते ऐकवेना. स्पर्श काढला. "कात्री! कात्री, कात्री," तो ओरडला आणि रडायला लागला.

"थांबते मी," सर्जनबाई म्हणाल्या. शेपटाच्या तोंडाशी त्यांनी चिमूटभर तुकडा घेतला, तपासायला पाठवला आणि बाकीचं जिथल्या तिथे सोडून दिलं.

तपासणीचं उत्तर आलं तेव्हा बाई स्वतः ताईला जिन्यापाशी भेटल्या. "त्या तुकड्यात गाठीच्या पेशी आहेत," त्यांनी सांगितलं. "यंत्राचं बरोबर होतं. तुमची रेघही."

आयुष्यात पहिल्यांदाच ताईला आपली रेघ चुकायला हवी होती. "मग काढा ना ते," ती म्हणाली. म्हणताना तिला माहीत होतं की हे वेड्यासारखं आहे.

"त्याचे शब्द तिथेच आहेत. काढलं तर दोन्ही जातील. औषधं देऊ, किरणोपचार करू, दर काही महिन्यांनी चित्र घेऊ. बरीच वर्षं मिळतात अशा माणसांना. किती, ते मात्र मी सांगू शकत नाही."

ताई जिन्याच्या पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. येणारेजाणारे वळसा घालून गेले. मग तिने तोंडावर पाणी मारलं आणि वॉर्डात गेली.

रेडिओ डोक्याला पट्टी बांधून टेकून बसला होता. तिला पाहताच त्याने विचारलं, "निघालं का सगळं?"

खोटं बोलायचं तिने मनाशी ठरवलं होतं. "नाही," ती म्हणाली. "थोडं राहिलंय. गाठच आहे ती. तुझ्या शब्दांना चिकटलेली."

तो खिडकीकडे बघत राहिला. इतका वेळ तो गप्प बसल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने नाक पुसलं.

"बरं. मग बस इथे, सांगतो. ती भूल देणारी बाई आहे ना, तिच्या मावशीचं घर आपल्याच गल्लीत, आणि काय झालं माहितेय..." शब्द मधेच अडत होते, तो थांबायचा, शोधायचा, सापडला की पुढे धावायचा. सापडेपर्यंत ताई वाट बघत होती. स्वतःच्या तोंडावर आलेले शब्द तिने गिळले, आयुष्यभर कधी गिळले नव्हते तरी.

गोळ्या द्यायला आलेली नर्स म्हणाली, "आता बोलणं पुरे, दादा. डोक्याला विश्रांती द्या."

"बोलू दे त्याला," रेघाताई म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढून बसली.