सातवं ठिकाण

रोज सकाळी, शेजारची चहाची टपरी उघडायच्या आधी, ती दुर्बिणीवरचं मेणकापड काढायची, जुन्या मऊ कापडाच्या तुकड्याने काच पुसायची आणि पहिली नजर समुद्राकडे न टाकता खाली डावीकडे, नारळांच्या शेंड्यांमधून दिसणाऱ्या एका निळ्या छपरावर टाकायची. मागचं दार उघडलेलं दिसलं की म्हणायची, "उठला." बंद दिसलं तर, "लोळतोय अजून." एवढं झालं की नळी वळवून ती धंद्याला लागायची.

हा उठणारा किंवा लोळणारा माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ.

त्या किनाऱ्यावर सुटीला येणाऱ्यांचा बेत ठरलेला असे: दोन दिवस खाली वाळूवर, एक दिवस वर टेकडीवर. वर आल्यावर करण्यासारखं एकच होतं, कठड्याशी उभं राहून आपण जिथून आलो ते पुन्हा वरून बघायचं. त्यासाठी तिची दुर्बीण. तिपाईवर बसवलेली, पितळी, मानेपाशी जराशी चेपलेली. एका माणसाला सहा ठिकाणं, असा तिथला जुना रिवाज. दीपस्तंभ, जोडबेटं, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा, खाडीचं मुख, धबधबा आणि म्हैस. म्हैस म्हणजे पाण्यात बसलेला एक काळा खडक. "शिंगं दिसली का? नाही? मग चष्म्याचा नंबर बदलून घ्या," असं ती निर्विकार चेहऱ्याने म्हणायची. मागे रांगेतले हसायचे आणि नळी पुढे सरकायची.

सहावं झालं की माणूस डोळा काढायला बघे. ती त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून त्याला थांबवायची.

"अजून एक आहे. ते निळं छप्पर बघा. त्याखाली समुद्राकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीशी एक आई नऊ वर्षं लुळी पडून होती. मुलीने तिचं सगळं केलं. मुलगा शहरातून एकदाच आला. म्हणाला, ताई, छपराच्या दुरुस्तीचा अर्ज आहे, सही कर. मुलीचे हात साबणाचे होते. ते पुसून तिने चार ठिकाणी सही केली. आई गेल्यावर कळलं, तो अर्ज नव्हताच. मुलीने घरावरचा हक्क सोडल्याचा कागद होता तो. आता तिथे लॉज आहे. आणि तो बघा मुलगा, बनियनवर झाडांना पाणी घालतोय. झालं. पुढचे या."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मुलगी कोण, हे ती सांगत नसे. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मुलीत काय बघायचंय? ती काही प्रेक्षणीय नाही."

आई गेल्यावर महिन्याभरात भावाने तिच्या दोन पिशव्या स्वतः उचलून गाडीत ठेवल्या होत्या. वर टेकडीवर ओळखीच्या माणसाची खोली आहे, हवा चांगली आहे, इतकी वर्षं राबलीस, आता जरा आराम कर, असं तो सगळ्या रस्ताभर बोलत होता. त्याला सायकल शिकवताना जिने गल्लीभर सीट धरून धाव घेतली होती, तिला तो असा आराम देऊन गेला. खोलीला खिडकी होती, पण ती डोंगराच्या बाजूला.

दुर्बीण तेव्हा एका म्हाताऱ्याची होती. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते आणि सहाही ठिकाणं तो नुसत्या सरावाने दाखवायचा. ती त्याला काच पुसून द्यायला लागली, मग गर्दीत हात द्यायला. त्याने तिला एकच गोष्ट शिकवली. माणूस नळीला डोळा लावतो तेव्हा त्याचे कान सताड उघडे असतात, त्या वेळी सांगितलेलं तो जन्मात विसरत नाही. एका दुपारी कोणी नव्हतं तेव्हा तिने स्वतः डोळा लावला. बेटं बघितली, जहाज बघितलं. नळी घसरत खाली गेली आणि आईची खिडकी इतकी जवळ आली की तिने हात पुढे केला. गजांवर कोणाची तरी पोहण्याची चड्डी वाळत होती.

त्या दिवशी सातवं ठिकाण जन्माला आलं. म्हातारा चार महिन्यांनी दुर्बीण तिच्या हवाली करून मुलीकडे गेला.

सुरुवातीला गोष्ट लांबायची, मध्येच तिला हुंदका यायचा आणि लोक कावरेबावरे व्हायचे. तिने एकेक वाक्य छाटलं. आईची औषधं गेली, पाठीची जखम गेली, सायकल गेली. हुंदका तर पहिल्याच वर्षी गेला. उरलेलं इतकं धारदार झालं की ऐकणारा नळीवरून उठताना खाली एकदा नुसत्या डोळ्यांनी बघायचा. गाडीचे ड्रायव्हर आपल्या प्रवाशांना दीपस्तंभाच्या बरोबरीने सांगायला लागले, भावाचं घर चुकवू नका. लोक खाली उतरले की त्या फाटकाशी गाडी थांबवायचे, फोटो काढायचे. एका म्हातारीने म्हणे त्याला तोंडावर विचारलं, छप्पर तरी केलंस का रे नीट?

हे सगळं ड्रायव्हर तिला वर आणून सांगायचे. ती ऐकायची आणि काच पुसायची. पण त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

भावाने फाटकालगत सुरूची रोपं लावली. भराभर वाढणारं झाड. तीन वर्षांत अर्धं छप्पर झाकलं. तिने गोष्टीत एक वाक्य वाढवलं: "आणि ही झाडं लाजेची." मग त्याने एका ड्रायव्हरकडून निरोप पाठवला, ताईला म्हणावं आता पुरे, माझी मुलं मोठी होतायत. तिने त्याच ड्रायव्हरकडून उत्तर दिलं.

"त्याला सांग, गाडी थांबते तिथून दोनशे दहा पायऱ्या आहेत. चढून यायचं, चार लोकांसमोर म्हणायचं की तो कागद छपराचा नव्हता. त्याच दिवशी बंद करते."

तिला तेवढंच हवं होतं. घर नको होतं, एवढ्या वर्षांत तिथे तिचं असं काय उरलं होतं? ते वाक्य हवं होतं, त्याच्या तोंडून. तो आला नाही. अशी चौदा वर्षं गेली.

पंधराव्या वर्षी कोणी एका जोडप्याने तिची सगळी गोष्ट मोबाइलवर घेतली आणि जगभर धाडली. कड्यावर रांग वळणापर्यंत जायला लागली. टपरीवाली, जी तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने दहापट मोठी होती, ती म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे मला दुसरी शेगडी घ्यावी लागली. भावाचं भलं होवो." मावशीने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचे दोन दिवस भावाचं नाव काढलं नाही.

त्याच हंगामात एका सकाळी काच पुसून तिने नळी लावली, तर सुरूची झाडं आडवी पडत होती. करवत भावाच्या हातात होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली. झाडं पडतायत म्हणजे तो दमला. आता येईल. त्या दिवशी तिने धुतलेली साडी काढली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी कोण दिसतंय ते बघत सबंध दिवस सहा ठिकाणं चुकत दाखवली.

तो आला नाही. आलं ते खालून एक कुटुंब, चार दिवसांनी. आई, वडील, दोन मुली. सातवं ठिकाण येताच ती बाई नळीला डोळा लावूनच म्हणाली, "अय्या, इथेच तर राहिलोय आम्ही. आईच्या खोलीत. मिळतच नाही ती, दोन महिने आधी सांगून ठेवावं लागतं."

"आईची खोली?"

"दारावर पाटीच आहे ना तशी. ती खाट अजून तिथेच आहे. आणि मालक काय सांगतात हो. सकाळी नाश्त्याला सगळ्यांना बसवून, अगदी पहिल्यापासून. सही, साबणाचे हात, सगळं. सांगता सांगता रडतात. म्हणतात, माझी ताई वरून अजून आमच्यावर लक्ष ठेवून असते. मग आम्ही सगळ्यांनी टेकडीकडे बघून हात केला. तुम्ही ओळखता का त्या ताईंना?"

"नाही," ती म्हणाली. "पुढचे या."

सहा ठिकाणं बघायला अजून तीस-चाळीस माणसं होती. त्या सगळ्यांना तिने ती दाखवली, म्हशीच्या शिंगांसकट. मग मेणकापड घालून दोरी आवळली आणि खोलीवर जाऊन पोटात दुखणाऱ्या माणसासारखी गुडघे उराशी घेऊन बसली. पंधरा वर्षं घासून घासून केलेलं हत्यार, आणि त्याने त्याच्याच नाश्त्याच्या टेबलावर पाव कापायला घेतलं होतं. साबणाचे हातसुद्धा त्याने सोडले नव्हते. तिने गाळलेला हुंदका त्याने उचलून वापरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने काच पुसली आणि नळी डावीकडे वळवली नाही. तिपाईच्या खिळ्याशी लाकडाची एक पाचर ठोकली. आता दुर्बीण म्हशीच्या पुढे एका पांढऱ्या खडकापर्यंतच वळायची, तिथे अडायची. खडकावर बगळे बसायचे. "हे सातवं," ती म्हणायची. "बगळ्यांचा खडक."

ड्रायव्हर कुरकुरले. "मावशी, ते घर?"

"कुठलं घर?"

"भावाचं हो."

"मला भाऊ कुठेय?"

लोक मुद्दाम विचारायचे, नुसत्या डोळ्यांनी शोधायचे, मोबाइलवरचं काढून तिच्यापुढे धरायचे. ती म्हणायची, कोणीतरी रचलं असेल, लोकांना उद्योग नसतात. आयुष्यात पहिल्यांदा ती या बाबतीत खोटं बोलली आणि ते तिला फार सोपं गेलं. एका हंगामात विचारणारे निम्मे झाले. पुढच्या हंगामात नवी माणसं आली, त्यांना बगळेच आवडले. पाचर तिच्यासाठीही होती. आईची खिडकी आता तिलाही दिसत नव्हती. याबद्दल ती कोणाशी बोलली नाही, फक्त त्या दिवसांत तिच्या काचेवर कधीकधी दुपारीसुद्धा पुसायला काही असायचं.

तो आला तेव्हा सतरावं वर्ष चालू होतं. टपरीवालीने आधी पाहिला. पायऱ्यांच्या तोंडाशी एक पोट सुटलेला, घामाघूम माणूस गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होता. मग तो सरळ रांगेच्या पुढे आला.

"ताई."

"रांगेत उभे राहा," ती म्हणाली. "सगळे थांबलेत."

तो राहिला. अकरा माणसांच्या मागे. त्याची पाळी आली तेव्हा त्याने डोळा लावला आणि तिने एकेक ठिकाण दाखवलं, कोणालाही दाखवावं तसं. सातव्याला तो नळीशी झटला. पाचर हलली नाही.

"घर कुठेय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "ताई, दोन वर्षं कोणी येत नाहीये. वरून उतरणारे लोक म्हणतात गोष्ट खोटी आहे, मीच रचली. तू दाखव ना. सांग पूर्वीसारखं." मग मागच्यांना ऐकू जाईल असा तो वळला. "मी सांगतो. मी फसवलं हिला. तो कागद छपराचा नव्हता, मला माहीत होतं. आई तिथे पडलेली असताना मी सही घेतली. झालं? म्हटलं मी. आता तरी सांग ना."

चार लोकांसमोर, त्याच्या तोंडून, शब्दन् शब्द. टपरीवालीने ओतता ओतता किटली थांबवली. सतरा वर्षं उपाशी बसलेल्या माणसापुढे शेवटी ताट यावं आणि त्यात वाढलेलं दुसऱ्याच्या पंगतीचं असावं, तसं ते वाक्य तिच्यापुढे होतं. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. कानाशी केस पांढरे झाले होते. सायकलवरून पडल्याची हनुवटीवरची खूण अजून होती.

"तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," ती म्हणाली. "सात ठिकाणं झाली. बाजूला व्हा, मुलांना बघू दे."

रांगेतला कोणीतरी म्हणाला, काका, सरका ना. मग तो पायऱ्यांकडे गेला. ती पुढच्या मुलीला उचलून घेत होती, तिचा डोळा नळीपर्यंत पोचत नव्हता.

लॉज पुढच्या वर्षी बंद पडलं. ही बातमी टपरीवालीने आणली, एका संध्याकाळी, गाड्या गेल्यावर. पाटी उतरवलीय, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, मालक बायकोच्या माहेरी गेला म्हणे, असं तिने कठड्याला टेकून सविस्तर सांगितलं आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तेच त्या दोघींचं शेवटचं बोलणं. नंतर दोन दिवस धुकं होतं, कोणीच वर आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी खोलीचं दार शेजाऱ्यांना तोडावं लागलं.

त्या संध्याकाळी मावशीने सगळं ऐकून घेतलं होतं. दोरीची गाठ बांधून झाल्यावर ती टपरीच्या बाकावर येऊन बसली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "दूध संपलं असेल तर कोराच दे."