करदोड्याची किल्ली

अन्याय आबांवर झाला. गेल्या पोळ्याला, सकाळी दहा वाजता, धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. संस्थेचं नाव लिहीत नाही. मागच्या पत्रकात लिहिलं तर वकिलाची नोटीस आली, आणि आमच्या मैदान समितीत वकील नाही. दोन शिक्षक, एक झेरॉक्सवाला आणि मी, एवढेच आहोत. आबांचंही नाव लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच ताकीद आहे. "नाव कसाले लिखस? बठ्ठा गाव माले आबाच म्हनस."

तुम्ही त्या मैदानावर सकाळी फिरायला जात असाल, तर आबांना तुम्हीही पाहिलंय. गवत कापायचा तो लाल ट्रॅक्टर, त्यावर पांढरी टोपी, काळा गॉगल आणि ताठ पाठ. ट्रॅक्टर थांबला की पुढचा कार्यक्रम ठरलेला. आधी पातं बंद. मग इंजीन बंद. मग किल्ली काढायची, सदरा वर करायचा, कमरेच्या करदोड्याला एक पितळी आकडा होता त्यात ती अडकवायची, एक हिसका देऊन बघायचं, सदरा खाली. आणि मगच जमिनीवर पाऊल. तोंडानं मंत्र चालूच:

"किल्ली कमरले, मंग पाय भुईले."

समोरून कोणी बाई जात असेल तर आबा सदरा वर करण्याआधी पाठ फिरवायचे. बसल्या जागी. उतरून नाही!

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मैदान सकाळी लोकांना बंद करायचा घाट संस्थेनं घातला होता, आणि आम्ही फाटकाशी पत्रकं वाटत होतो. लोक पत्रक घेत, पहिली ओळ वाचत आणि गवतावर टाकून देत. थोड्या वेळानं आबा गोणपाटाची पिशवी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. पिशवीत माझीच पत्रकं होती, चुरगळलेली, दवानं ओली.

"तुन्ही शेत का ह्या?"

"हो. वाचलंत का?"

"वाचं. चांगलं लिखस तू. पन पोरी, तुन्ही क्रांती मन्हा पातामा अडकस."

मी चिडले. म्हटलं, लोकांचा हक्क जातोय आणि तुम्हाला पात्याची पडली आहे? आबा शांतपणे म्हणाले की हक्क राहील तेव्हा राहील, पण या कागदाखाली दगड असला आणि पात्यानं तो उडवला, तर तुझ्या लोकाचा डोळा जाईल. मग त्यांनी मला पिशवी धरायला लावली आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत नेलं. कापणीआधी अख्खं मैदान पायी फिरायचं, हा त्यांचा रिवाज. दगड, बाटल्या, एकेकटी चप्पल, केसांची पिन, तार, गोट्या, टेनिसचे चेंडू. सगळं पिशवीत. त्या दिवसापासून आमच्या समितीनं पत्रकं हातात देऊन, वाचून होईपर्यंत समोर उभं राहायला सुरुवात केली. लोक जास्त वाचू लागले. हे श्रेय आबा आजही सोडत नाहीत.

चेंडू फुकट परत मिळत नसत. क्रिकेट खेळणारी पोरं ट्रॅक्टरच्या शेडपुढे रांग लावायची, आणि आबा गॉगल कपाळावर सरकवून परीक्षा घ्यायचे.

"बोल."

"किल्ली कमरले, मंग पाय भुईले."

"जोरमा बोल, तुन्हा बापले ऐकू गयं पाह्यजे."

त्या गल्लीत आज अशी पोरं आहेत ज्यांना पाढे येत नाहीत, पण हे येतं.

आबा विनम्र वगैरे मुळीच नव्हते, हे आत्ताच सांगून टाकते. फुशारकी मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पारोळा तालुक्यातल्या आपल्या गावी नांगराची आपल्याइतकी सरळ तास कोणी धरली नाही, असं ते सांगायचे, आणि मैदानावर कापणीचे पट्टे उठले की पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर उभं राहून स्वतःच कौतुक करायचे: "पाह्य! भांग पाडेल शे जशी!" पॅव्हेलियनपाशी जमिनीला चढ आहे. तिथे ट्रॅक्टर वर-खाली सरळ जायचा, आडवा कधीच नाही. का, असं विचारलं की भरल्या बैलगाडीची गोष्ट निघायची, ती गाडी उतारावर आडवी गेली आणि कपाशीसकट नाल्यात बसली. पाऊस पडून गवत ओलं असलं तर त्या चढाकडे ते फिरकायचेही नाहीत. पेट्रोल भरायचं तर आधी चहा प्यायचा, सावकाश, इंजीन निवेपर्यंत. "चहा गरम पाह्यजे, टाकी थंडी." कारकुनानं एकदा घाई केली तर आबांनी दुसरा चहा मागवला.

ट्रॅक्टरचं नाव तांबडी. तांबडीची देखभाल आबा बैलासारखी करत, म्हणजे सणांच्या हिशेबानं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेल बदलायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडे बैलांची खांदेमळण असते, तशी इथे तांबडीची: आधी प्लगची टोपी उपसायची, कारण तो हिचा जीव. "पह्यला जीव काढी ले, मंग तोंडमा हात घाल." मग खालचं झाकण खरवडून साचलेलं गवत काढायचं, पातं उतरवून धार लावायची, बेअरिंगला ग्रीस, चाकांची हवा. पोळ्याला बॉनेटवर बाशिंग, झेंडूची माळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य. दिवाळीला पट्टा बदलायचा.

पद्धत झकास होती. फक्त एका वर्षी तिनं आबांना तोंडघशी पाडलं. त्या वर्षी अधिक श्रावण आला. पोळा महिनाभर पुढे गेला, पण गवताला पंचांग कुठे कळतं? ते भर पावसात कमरेत हात घालून वाढत होतं. बोथट पातं गवत कापेना, फाडू लागलं. अख्ख्या मैदानाची टोकं पिवळी पडली, आणि एके दिवशी पट्टा फटाक्यासारखा तुटला. जळगावहून आलेला मेकॅनिक हसून हसून खाली बसला.

"आबा, यंत्रावर तासांचं मीटर आहे. ते बघा. पंचांग काय बघताय?"

आबांनी तुटलेला पट्टा हातात घेतला. मग म्हणाले, "धोंडाना महिनामा जवाईले वाण देतस. हिले पट्टा दी टाकू." आणि पुढे पुटपुटले, "मीटर पाहसू. पन पोया सोडाव नही." त्यानंतर ते मीटर बघू लागले, आणि पोळाही पाळू लागले. त्या वर्षापासून तांबडीची सेवा दुप्पट झाली.

एका बाबतीत मात्र आबा दगड होते. तांबडीवर दुसरा माणूस बसवायचा नाही. लहान पोर तर नाहीच. आया पोरांना कडेवर घेऊन यायच्या, "आबा, एकच चक्कर." नगरसेवक आले, प्राध्यापक आले. स्वतःची नात मैदानात लोळून रडली. आबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मैदानाला धावत फेरी मारली, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत. "बैलगाडीवर बस, मन्हा खांदावर बस. तांबडीवर नही." लोकांना ते खडूस वाटायचे. वाटू देत.

आता पोळ्याचा दिवस.

संस्थेचे एक देणगीदार बाहेरगावाहून आले होते, सोबत चार-पाच वर्षांचा नातू. सेक्रेटरींच्या डोक्यात व्हिडिओ होता: सजवलेला ट्रॅक्टर, त्यावर पाहुणे, मांडीवर नातू, मागे उडणारं गवत. मी फाटकाशी नेहमीप्रमाणे पत्रकं घेऊन उभी होते, गंमत बघायला आत आले.

सेक्रेटरी म्हणाले, "आबा, गाडी चालू करून द्या."

आबा म्हणाले, "पोयाले बैल जुपतस का?"

लोक हसले. सेक्रेटरीही हसले, पण दातांनी. "आबा, हे यंत्र आहे. बैल नाही."

"मंग बाशिंग कसाले? सकायपाशीन तुम्हीच फोटो काढी राह्यनात." आणि आवाज खाली आणून, "सायेब, मन्ही नात बसनी नही हिच्यावर. पाहुनाना नातू बी बसाव नही."

एवढं बोलून त्यांनी त्या पोराला उचललं, खांद्यावर बसवलं आणि चेंडूंची पिशवी त्याच्या हातात दिली. पोरगं इतकं खूश झालं की खाली उतरायला तयार होईना. आजोबा म्हणाले, असू द्या, मी एकटाच बसतो. किल्ली आबांच्या कमरेला होती, पण ऑफिसात दुसरी होती. सेक्रेटरींच्या ड्रायव्हरनं ती आणली, पाहुण्यांना बसवलं, इंजीन सुरू केलं आणि गवत उडताना दिसावं म्हणून पातंही चालू करून दिलं.

ट्रॅक्टर थोडा पुढे गेला आणि बॉनेटवरची झेंडूची माळ सुटून खाली पात्याकडे ओढली गेली. घर्रर्र आवाज झाला. पाहुण्यांनी पेडलवरचा पाय काढला, ट्रॅक्टर थांबला. ते उतरले आणि माळ ओढायला वाकले.

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक बटण असतं. पातं चालू असताना माणूस सीटवरून उठला की इंजीन आपोआप बंद पडतं. म्हणजे पाहुणे उतरले तेव्हा पातं थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. पाहुण्यांचा हात झाकणाकडे चालला होता आणि आत पातं फिरत होतं.

आबांनी पोराला माझ्या हातात दिलं, जवळजवळ फेकलंच, आणि धावले. त्या वयाचा माणूस तसा धावतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. टोपी पडली, गॉगल पडला. एका हातानं त्यांनी पाहुण्यांची कॉलर मागे ओढली, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवून उपसली. झेंडूचा चुरा हवेत उडाला आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. हात शाबूत. बोटं सगळी जागच्या जागी.

पाहुणे गवतावर बसले. पाणी प्यायले. मग विचारलं, "मी उतरल्यावर बंद का नाही झालं?"

आबांनी सीट उचलली. खाली बटणाच्या दोन वायरी एका तारेनं एकमेकींना जोडलेल्या होत्या. ताजी, चकचकीत तार. आदल्या दिवशी आबा खांदेमळण करून घरी गेल्यावर सेक्रेटरींनी ती लावून घेतली होती, फोटोसाठी पाहुणे चढतील-उतरतील, सारखं इंजीन बंद पडायला नको म्हणून. हे ड्रायव्हरनंच घाबरून सांगून टाकलं.

आणि शिक्षा कोणाला? आबांना! सेक्रेटरी कडाडले, "पाहुण्यांची कॉलर धरता? सगळ्यांसमोर तमाशा करता? किल्ली द्या आणि घरी जा."

आबांनी मुठीतली किल्ली दिली.

"दुसरी?"

आबांनी सावकाश सदरा वर केला. करदोड्यावर किल्ली लोंबत होती. "ती तुम्हीच सोडी ल्या."

अख्खं मैदान हसलं. सेक्रेटरींनी करदोड्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. आबांनी टोपी झटकून घातली, गॉगल लावला आणि फाटकातून बाहेर पडले. पाहुण्यांची मोटार त्यांच्यामागून निघाली. तिच्या काचेतून ते पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "किल्ली कमरले!"

दुपारी मी पत्रकाचा मजकूर घेऊन आबांच्या ओसरीवर गेले. 'बिचाऱ्या वृद्ध कामगाराला नोकरीवर परत घ्या', असा मथळा होता. आबांनी तो हातभर लांब धरून वाचला.

"म्हातारा लिख. बिचारा काब्र लिखं व?"

"लोकांना कणव यावी म्हणून."

"कनव माले नको. आनि नोकरी खाले लिख. वर तार लिख. मी तठे नही, पन ती तार तठेच शे. कोनी तरी उतरी, कोनी तरी वाकी."

मी मजकूर बदलला. पत्रक निघालं. सेक्रेटरींनी उत्तर म्हणून वकिलाची नोटीस तेवढी धाडली.

आबा आता यावलजवळ लेकीकडे असतात. जावयाच्या केळीच्या बागेत छोटा ट्रॅक्टर आहे, तो आबांनी ताब्यात घेतला. परवा जावयाचा फोन आला. "ताई, तुमचं ऐकतात ते. समजवा ना. ट्रॅक्टरची किल्ली कमरेला, ठीक. पण माझ्या मोटरसायकलचीही किल्ली कमरेला बांधलीय. बाजारात जायचं तर सासऱ्यांचा सदरा वर करावा लागतो." मागून आबांचा आवाज येत होता, केळीच्या घडांआडून कोणाला तरी दरडावत: "उतरू नको! पह्यलं बंद कर!"

तांबडी मात्र इथेच आहे. नवा माणूस ती चालवतो, चालू ठेवूनच उतरतो आणि बिडी पेटवतो. शेडपुढे पोरं अजून चेंडूसाठी येतात. परीक्षा घ्यायला कोणी नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. उद्या सकाळी फिरायला याल तेव्हा शेडपाशी थांबा. इंजीन बंद करायला लावा, किल्ली काढायला लावा, सीट उचलायला लावा. ती तार अजून असेल तर ती निघेपर्यंत तिथून हलू नका. आमच्या मैदानावर नसाल, तर तुमच्या गावच्या मैदानावर हेच करा. आणि त्यानंतर, वेळ उरला तर, आबांना परत बोलवा म्हणून सही करा. याच क्रमानं. क्रम आबांचा आहे.